‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कुणाचं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडच्या एका गावात रोवणी ऐन भरात होती. त्या दिवसांत एका शहरातल्या संगीत महाविद्यालयाची गाडी गावात आली. आठ मुली, तीन मुलगे आणि त्यांचे सर. गावातल्या गायिकांकडून थेट गाणी शिकायची, असं त्यांच्या अभ्यासक्रमात होतं. बचत गटामुळे माझी तिथल्या बायकांशी ओळख, म्हणून मध्यस्थीला मी होते.

दिवसभर बांधीत वाकून आलेल्या बायकांना संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर बसवलं. समोर सात-आठ मोबाइल मांडले. ‘हं मावशी, करा सुरुवात.’ मावश्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एकीनं ओळ उचलली, दुसऱ्या ओळीला अडखळली आणि तोंडाला पदर लावून बसली. सरांना वाटलं, लाजताहेत. लाज कसली? रोवणीचं गाणं बसून येतच नाही. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात, आणि एक रोप दाबलं की पाऊल मागे. ते पाऊल पडतं तिथं ओळ संपते आणि श्वास घ्यायला जागा मिळते. सतरंजीवर पाऊल मागे कुठं टाकणार?

दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन मुली सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरल्या. त्या दिवशी त्यांना दोन गोष्टींसाठी बोलणी बसत होती. पऱ्हे वाकडे लावले म्हणून, आणि ओळ लवकर सोडली म्हणून. दुपारी धुऱ्यावर शिदोरी सुटली तोवर गाणं त्यांच्या गळ्यात बऱ्यापैकी उतरलं होतं. बाकीचे धुऱ्यावर उभे राहून लिहून घेत होते. चिखलात उतरलेल्यांपैकी एक मुलगी मला म्हणाली की वहीत लिहिलेल्या सुरांत आणि मावशींच्या सुरांत फरक पडतो, पेटीवर ती जागा सापडतच नाही. मला ही पोरगी आवडली.

निघताना सरपंचांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. बायकांना एकेक स्टीलचा डबा. रोवणी गुत्त्याने घेतलेली होती. मुलींना शिकवण्यात वेळ गेला तो टोळीच्या हिशोबात धरला गेला आणि त्या बायकांचे पैसे कमी झाले. हे मला पुढे महिनाभराने कळलं, कारण त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

मग हिवाळ्यात त्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण आलं. मी गेले. मुलींनी ते गाणं खरोखर जीव लावून म्हटलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. पण हातात जी कार्यक्रमपत्रिका होती तिच्यावर छापलं होतं ‘रोवणी गीत : पारंपरिक’. त्याखाली संकलन आणि संगीत संयोजन म्हणून सरांचं नाव. पेटी कुणी वाजवली, ढोलकी कुणी, पडदा कुणी रंगवला, सगळ्यांची नावं होती. गाणं ज्यांनी शिकवलं त्या सहा बायकांचं नाव कुठंच नव्हतं.

सर माणूस वाईट नाही. मी विचारलं तेव्हा ते खरंच गोंधळले. लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. हेच उत्तर आपल्याकडे गेली शंभर वर्षं दिलं जातंय, आणि मला त्याच्याशीच भांडायचं आहे.

शास्त्रीय गाण्यात काय होतं ते बघा. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, हे संगीताच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. गुरूचं नाव घेताना तो कानाला हात लावतो. बंदिश कुणी बांधली हे माहीत नसलं तरी कुणाकडून मिळाली हे सांगितल्याशिवाय मैफिलीत कुणी बसत नाही. म्हणजे ‘कर्ता ठाऊक नाही’ आणि ‘कुणाकडून शिकलो ते सांगायचं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संगीतवाल्यांना उत्तम कळतं. रोवणीच्या बांधीपाशी आल्यावर मात्र ते विसरायला होतं. कारण समोर गुरू म्हणून जी उभी आहे ती गोंड आहे, ढिवर आहे, माना आहे, बौद्ध आहे, शेतमजूर आहे आणि बाई आहे. तिच्याकडून शिकणं हे ‘शिकणं’ ठरत नाही, ‘गोळा करणं’ ठरतं. मोहफुलं गोळा करतात तसं. झाडाला कोण विचारतो!

‘लोकगीत’ या शब्दातलं ‘लोक’ कोण, हेही एकदा विचारायला हवं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरतं बोलते. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि मधून वैनगंगा वाहत असली तरी गाण्याला नदी आडवी आली नाही. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, ज्याला आपण झाडीपट्टी म्हणतो, रोवणीची गाणी बायकांची. जात्यावरच्या ओव्या बायकांच्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची भुलाबाईची गाणी पोरींची. लग्नातली हळदीची, विहिणीला टोमणे मारायची, ती तर बायकांचीच. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गेलात तर गोंडी-माडिया रेला. एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेने, रात्र रात्र. खाली सिरोंच्याला तेलुगू बोलणाऱ्या बायका बतुकम्माची फुलं रचून भोवती गातात. इतक्या भाषा, इतकी गाणी, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक बायकांच्या गळ्यात. पुरुषही गातात, नाही असं नाही. पण पुरुषांचं गाणं लवकर मंचावर गेलं. दंडार, खडीगंमत यांत बाईचं सोंगसुद्धा पुरुषांनीच घेतलं. मंचावर गेलेल्याला नाव मिळतं, बिदागी मिळते, कुणीतरी पाठ थोपटतं.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचंच बघा. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं ठाणं. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, त्यांवर कित्येक घरं जगतात. २०२३ साली गडचिरोलीचे ज्येष्ठ रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या भागातल्या सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्याच रंगभूमीवर काम करणाऱ्या नटीकडे गावात कोणत्या नजरेनं बघितलं जातं, हेही आपल्याला माहीत आहे. ‘नाटकातली बाई’ हे शब्द कसे उच्चारतात ते ऐका. चारचौघांत पैसे घेऊन गाणारी बाई वाईट चालीची, आणि पैसे न घेता बांधीत गाणारी बाई गायिकाच नव्हे. या दोन दगडांमध्ये आपल्या गायिका सापडल्या आहेत. त्यामुळे मानधनाचा विषय काढला की पहिल्यांदा त्या बायकाच नको म्हणतात. ‘आम्ही का तमाशातल्या आहोत?’ हा प्रश्न मला तिघीचौघींनी विचारला आहे. तमाशातल्या बाईनंही घाम गाळूनच पैसे घेतले, ही चर्चा आपल्या गटांत आपण कधी केलीय का?

आता आपल्याकडे वळते. दुसऱ्यांना बोलणं सोपं आहे. १९८० नंतर स्त्रीमुक्तीच्या चळवळीनं गाणी केली. ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं, १९८५ साली स्त्रीमुक्ती यात्रा निघाली. शिबिरांतून, मोर्च्यांतून आपण ओवीच्या, भोंडल्याच्या, गोंधळाच्या चालींवर नवे शब्द घातले. ती गाणी घेऊन खेड्यात गेल्यावर बायका पटकन् आपल्याशा झाल्या, कारण चाल त्यांचीच होती. मीही अशी तीन-चार गाणी केलीत. दारूबंदीच्या लढ्यात इथल्या बायका ती म्हणत रस्त्यावर बसल्या. आपल्या सायक्लोस्टाइल केलेल्या गाण्यांच्या पुस्तिका आठवा. गीत : अमुक. चाल : पारंपरिक. त्या चाली मी कुणाकडून घेतल्या ते मला आठवतं. एक चाल मूलजवळच्या एका म्हातारीची होती, तिनं मला दळताना शिकवली होती. पुस्तिकेत तिचं नाव घालायचं मला सुचलंसुद्धा नाही. तेव्हा सरांना जाब विचारताना माझा आवाज थोडा खाली आला होता, हे कबूल करते.

दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. त्यात प्रत्येक ओवीशी गाणारीचं नाव आणि गाव जोडलेलं आहे. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून या ओव्या ‘पारी’नं गाणारणींच्या नावानिशी लोकांसमोर आणल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ज्यांनी ऐकला असेल त्या तो विसरणार नाहीत. तो आवाज ‘मराठवाड्यातली एक स्त्री’ म्हणून आपल्यापर्यंत आला असता तर? बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. १९५१ साली त्या वारल्या, १९५२ साली गाणी छापली गेली. मुलगा कवी होता, त्यानं उतरवून ठेवली, आचार्य अत्र्यांनी ती उचलून धरली, म्हणून नाव राहिलं. ज्यांचा मुलगा कवी नव्हता त्यांचं काय झालं असेल, ते ‘पारंपरिक’ या शब्दात आहे.

संगीताच्या विद्यार्थ्यांनी खेड्यात यावं की नाही, हा माझा प्रश्नच नाही. यावंच. जातं गेलं ते पिठाच्या गिरणीनं नेलं, आणि बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं म्हणून मी त्या गिरणीला दोष देणार नाही. रोवणी आता गुत्त्याने होते, एकराला इतके म्हणून. लवकर उरकायचं असतं, गाणं म्हणायला दम कुणाला? तेव्हा कुणी शिकायला आलं तर निदान कुणाला तरी गाणं येईल. मुंबई विद्यापीठात २००४ पासून लोककला अकादमी आहे, नागपूरला दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. अशा सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य परंपरा नावाची योजना आहे. तिच्यात गुरूला महिन्याला ७५०० रुपये, साथीदाराला ३७५० आणि शिष्याला १५०० असे दर सरकारने सांगितलेले आहेत. रक्कम फार नाही, पण त्या कागदावर लोककलावंताला ‘गुरू’ म्हटलंय, ही छोटी गोष्ट नाही.

अडचण पुढे येते. योजनेला एक गुरू लागतो. आमच्या गावात गाणं सहाजणी मिळून म्हणतात. एक उचलते, दोघी झेलतात, उरलेल्या शेवट धरतात. पहिली थकली की दुसरी उचलते. यात गुरू कोण आणि साथीदार कोण? अर्ज भरायला बसलो तेव्हा पुरुषांनी लगेच सुचवलं, ढोलकी वाजवणाऱ्या दादांचं नाव टाका, ते मंडळाचे अध्यक्षही आहेत. बाईनं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली वस्तू पैसे यायची वेळ आली की पुरुषाच्या नावावर कशी चढते, ते सातबाऱ्यात आपण पाहिलंय. इथंही तेच. आणि वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी जा, तर पुरावे मागतात. कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. बांधीत गायल्याचं प्रमाणपत्र कोण देणार, पाऊस?

कायद्याची एक बाजू आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नसते म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८ खाली सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला. त्याची मुदत आता ५० वर्षांची आहे. गाणारी बाई नावाजलेली हवी, मंच हवा, अशी कुठलीही अट त्यात नाही. अंगणात बसून गाणारी आजीसुद्धा त्या कायद्याच्या दृष्टीनं कलावंतच. २०१२ च्या दुरुस्तीनं, सादर करणारी म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. शब्द आणि चाल यांच्या बाबतीत हा कायदा लोकगीताला फारसा उपयोगी पडत नाही, पण तिच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ही तिची वस्तू आहे. खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कलम ३९ मध्ये सूट आहे. म्हणजे विद्यार्थिनीनं शिकण्यासाठी आवाज टिपला तर गुन्हा नाही. तोच आवाज पुढे तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजला, कुणी तो विकला, तर ती सूट सांगता येणार नाही. हे कुणाला कोर्टात खेचण्यासाठी मी लिहीत नाही. परवानगी मागणं हा उपकार नाही, एवढं बायकांना आणि येणाऱ्यांना कळावं म्हणून लिहितेय.

परवानगीचा विषय या जिल्ह्यांना नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं आपल्या जंगलाबद्दल हेच केलं. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांनी गोटुल बांधलं तेव्हा वनखात्यानं सागवानी लाकूड वापरलं म्हणून ते मोडलं. मग आसपासच्या गावांनीही गोटुलं उभी केली आणि खातं गप्प बसलं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवरचा सामूहिक वनहक्क या गावाला मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हातात आला. बाहेरच्या माणसानं बांबू न्यायचा तर ग्रामसभेला विचारून, तिच्या अटीवर. बांबूला हा न्याय आहे तर गाण्याला का नको? वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेच्या कोरमसाठी एक तृतीयांश स्त्रिया लागतात. गाण्याच्या बाबतीत गाणाऱ्या बायकांचंच मत अखेरचं धरायला हवं, कारण गावातल्या सगळ्या पुरुषांना विचारलं तर ते दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला रेला लावून मोकळे होतील.

स्वागताच्या रेल्याबद्दल थोडं. मंत्री आले, साहेब आले की आश्रमशाळेतल्या मुलींना एकसारख्या साड्या नेसवून, डोक्याला पिसं बांधून उन्हात उभं करतात. रात्रभर चालणारं गाणं सात मिनिटांचं होतं. विद्यार्थी अनेकदा हेच सात मिनिटांचं शिकून जातात, कारण ते पटकन् मिळतं. लग्नाच्या रात्रीचं गाणं शिकायचं तर लग्नाला बोलावणं यावं लागतं, आणि बोलावणं यायला ओळख लागते. शिवाय कुठली गाणी निवडली जातात तेही बघा. झाडं, पाखरं, पाऊस, मोहाची फुलं असली गाणी शहराला आवडतात. नवऱ्याच्या माराचं, उपाशी झोपल्याचं, जंगलात गार्डानं अडवल्याचं गाणं ‘कार्यक्रमात बसत नाही’. एटापल्लीकडे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्यानं धडधडत असताना डोंगराच्या देवाचं गाणं शिकून घ्यायचं आणि डोंगराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हेही मला पटत नाही.

उलट बाजूही आहे. बायकांची गाणी म्हणजे सगळी बंडाची, असं आपण चळवळवाल्या उगाच मानतो. कितीतरी ओव्या लेकीला सोसायलाच शिकवतात. रेल्याच्या रांगेतली मोकळीक बघून आपण कविता करतो, आणि त्याच गावाच्या कडेला पाळीतल्या बाईला बसवायचं कुर्माघर असतं, ते बघायला विसरतो. शिकणारीनं हेही शिकावं, आणि शिकवणारीशी त्यावर बोलावंही. गुरूला प्रश्न विचारायला हरकत नसावी. मात्र एखादं गाणं ‘हे देणार नाही’ असं ती म्हणाली तर तिथं थांबावं. मेलेल्या लेकराचं गाणं एका बाईनं मला अर्ध्यावर सोडून दिलं होतं. मी पुढचं विचारलं नाही. हे तेवढं मी नीट केलं.

नाव नसलं की गाणं कुठवर जाऊ शकतं, त्याची एक दूरची हकीकत आहे. बल्गेरियात १९५० च्या दशकात सरकारनं खेड्यापाड्यांतल्या गाणाऱ्या बायका निवडून मोठी गायनपथकं उभी केली. संगीतकारांनी त्यांच्या गाण्यांना नव्यानं बांधलं. स्वित्झर्लंडच्या मार्सेल सेलिए यांनी १९७५ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिच्या दुसऱ्या भागाला १९९० साली अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जगभर वाहवा झाली. ध्वनिमुद्रिकेचं नाव काय, तर ‘बल्गेरियन आवाजांचं गूढ’. शेतात गाणाऱ्या बायकांच्या आवाजात गूढ कसलं? त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. क्रोएशियात तर ओइकान्ये नावाचं, गळा थरथरवत गायचं गाणं आहे, ते २०१० साली युनेस्कोनं तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घातलं. ते जाणकारांना ऐकून, त्यांच्यासोबत गाऊनच उचलावं लागतं. म्हणजे आमच्या मुली चिखलात उतरल्या तसंच.

पण सगळ्यात जास्त मला जे टोचतं ते वेगळंच आहे. त्या दिवशी बांधीत दोन शहरी मुली गाणं शिकत होत्या तेव्हा शिकवणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या मुली कुठं होत्या? एक तालुक्याच्या वसतिगृहात. एक नागपूरला दुकानात कामाला. दोघी घरी होत्या, पण बांधीत आल्या नाहीत. त्यांना त्या गाण्याची लाज वाटते. लाज आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते. गोंडी किंवा माडिया बोलणारं पोर पहिलीत जातं आणि पहिल्या दिवसापासून त्याला कळतं की घरची भाषा इथं चालत नाही. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, गोंडीला नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावला ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आईबापांनी स्वतःच्या हिमतीवर. २०२२ साली शिक्षण खात्यानं ती मान्यता नाही म्हणून बेकायदा ठरवली आणि गावाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. झाडीबोलीचं दुःख आणखी निराळं. ती मराठीच, पण ‘अशुद्ध’. आईची बोली अशुद्ध म्हटलं की आईचं गाणं अशुद्ध झालंच. मग एखादी शहरातली मुलगी तेच गाणं मंचावर म्हणते, टाळ्या पडतात, आणि त्या दोघी मोबाइलवर ते बघतात. त्यांना तेव्हा काय वाटत असेल?

म्हणून माझं म्हणणं असं की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीमागे गावातली एक मुलगी त्याच वर्गात, त्याच विद्यावेतनावर बसली पाहिजे. तिला प्रमाणपत्रही तेच मिळालं पाहिजे. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. इथल्या गायिकेला शिकवण्यासाठी पदवीची अट न घालता, तासाच्या मानधनावर बोलावणं त्याला काय अवघड आहे? २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. माती खोदल्याचे एवढे मिळत असतील तर गाणं शिकवल्याचे त्याहून कमी मिळू नयेत, आणि रोवणीच्या दिवसांत शिकायला यायचं असेल तर बुडालेली मजुरी वेगळी. हे मागायला आपल्याच बायका लाजतात, तेव्हा आपल्याला त्यांच्याबरोबर बसावं लागेल. त्यांच्या वतीनं आपणच बोलायचं, ही जुनी खोड तेवढी सोडून.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची धांदल संपल्यावर आम्ही त्या सहाजणी आणि गटातल्या दोघी अशा बसलो आणि महाविद्यालयाला पत्र लिहिलं. एकच पान. यायच्या आधी कळवा. बुडालेली मजुरी आणि शिकवण्याचे पैसे बाईच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. टिपलेल्या आवाजाची एक प्रत गावात ठेवा. नाही म्हटलेलं गाणं घेऊ नका. गावातल्या दोन मुली सोबत शिकतील. सरांचं उत्तर आलं, आणि चांगलं आलं. पैशाचं त्यांना वरिष्ठांना विचारावं लागेल, बाकी सगळं मान्य. पुढच्या पत्रिकेत नावंही घालू म्हणाले, फक्त नावं कोणत्या क्रमानं लिहायची ते कळवा.

यावर बायकांची चांगलीच जुंपली. जी उचलते तिचं पहिलं, असं एकीचं म्हणणं. वयानं मोठी असेल तिचं, असं दुसरीचं. नावामागे नवऱ्याचं नाव लावायचं की नाही, यावर आणखी अर्धा तास गेला. शेवटी नको असं ठरलं, नुसतं नाव आणि गाव. मग त्यांच्यातली सगळ्यात गप्प असते ती म्हणाली की आमची नावं मागून टाका, हे गाणं आमचं नाही, माझ्या सासूनं माहेराहून आणलं होतं, पवनीकडून. सासूला जाऊन वीस वर्षं झालीत. तिचं नाव काय होतं ते मात्र सुनेला चटकन् आठवेना, कारण सगळं गाव तिला ‘पवनीवाली’ म्हणूनच हाक मारायचं. मग शेजारच्या आळीतल्या एका म्हातारीला विचारायला पोरगी पाठवली. पोरगी परत येईपर्यंत आम्ही पत्र तसंच उघडं ठेवून बसलो होतो.